तोलून द्यावे, तोलून घ्यावे

(हीरक महोत्सवानिमित्त चेन्नई येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्या लेकरांचा एक मेळावा चेन्नईत भरावा, ही गोष्ट परक्याला नवलाची वाटेल. आपल्याला वाटत नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि पलीकडचे माण-खटाव या अवर्षणग्रस्त पट्ट्यातून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी माणसे बाहेर पडली आणि भारतभर पांगली. शेतीला पाणी नव्हते म्हणून आपल्या वाडवडिलांनी हाती मूस धरली. टेंभू योजनेचे पाणी माळावर आले ते फार उशिरा. तोवर आपली दुकाने परमुलखात रुजली होती. माझे वडील असेच मद्रासला आले आणि साहुकारपेठेतील एका अरुंद गल्लीत, एका खोलीत, त्यांनी भट्टी मांडली. आज त्याच खोलीत मी बसतो.

आयोजकांनी मला ‘लहान व्यावसायिकाचे यश’ या विषयावर बोलण्यास सांगितले. यशावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. चुकीवर मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. म्हणून आज एका चुकीची हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

शाळेने आपल्याला स्वावलंबन शिकवले. वर्ग आपणच झाडायचा, पाणी आपणच भरायचे, फळाही आपणच काळा करायचा. हे संस्कार घेऊन मी धंद्यात आलो आणि त्यांचा अर्थ असा लावला की, दुकानातील प्रत्येक काम मालकानेच केले पाहिजे. माल मी उतरवून घेई, कस मी लावी, भट्टीवर मी बसे, तेजाबाचे काम मी करी, बँकेत मी जाई, वीजबिल मी भरी आणि रात्री वही मीच लिही. वहीपेक्षा चिठ्ठ्याच अधिक होत्या. त्या बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात साठत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. सोन्यावरील कर ३ टक्के, एवढेच लक्षात ठेवायचे असते तर सोपे होते; परंतु दर महिन्याच्या ठरावीक तारखांना विवरणपत्रे भरायची होती. डब्यातील चिठ्ठ्यांवरून ती भरता येईनात. उशीर होऊ लागला आणि त्याचा दंडही बसू लागला. तरीही मी ते काम कोणाला दिले नाही. ‘दुसऱ्याला काय समजणार?’ हे माझे ठरलेले वाक्य होते.

आणि मग दिवाळीच्या आधीचा एक दिवस आला. दोन सोनारांचा माल एकाच दुपारी गाळायला आला होता. एकाचे सोने चांगल्या कसाचे, दुसऱ्याचे जुन्या डागिन्यांचे, डाक अधिक असलेले. दोन मुशी, दोन चिठ्ठ्या. मूस भट्टीतून काढण्याची वेळ आणि कराच्या कामासाठी फोन येण्याची वेळ एकच झाली. कानाशी फोन धरून मी ओतकाम केले आणि लगड्यांवर चिठ्ठ्या ठेवल्या. रात्री हिशेब जुळवताना ध्यानात आले की, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे आणि माल तर दोघेही घेऊन गेले आहेत.

गलाईच्या धंद्यात भांडवल किती, असे कोणी विचारले तर आपण भट्टी दाखवत नाही. सोनार आपल्या हाती सोने देतो ते एका कागदाच्या चिठोऱ्यावर, प्रसंगी निव्वळ शब्दावर. तो शब्द हेच आपले भांडवल. शंभर ग्रॅममध्ये एक टक्क्याचा फरक पडला, तर एक ग्रॅम सोने गेले. ते पैशाने भरून देता येते. शब्दाची भरपाई मात्र कशाने करायची?

त्याच रात्री मी नुकसान झालेल्या सोनारांच्या घरी गेलो. हे वयोवृद्ध तमिळ गृहस्थ माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे माल देत. मी चूक सांगितली आणि फरक पुढे ठेवला. त्यांनी तो मोजूनही पाहिला नाही. एवढेच म्हणाले, “तंबी, तुझे वडील भट्टीजवळ बसले की कोणाशी बोलत नसत.” त्यानंतर चार महिने त्यांचा माल आमच्याकडे आला नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला त्या चार महिन्यांत अनेकदा वाटले.

माझ्या हातचे कौशल्य गेले नव्हते. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ पाहून सोन्याचा अंदाज बांधणे, रस तयार झाला की नाही हे त्याच्या झळाळीवरून ओळखणे, या गोष्टी वडिलांनी मला वीस वर्षे समोर बसवून शिकवल्या होत्या. बाजारात माझी जी काही किंमत होती ती या दोन गोष्टींमुळे. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींना मी दिवसाचा उरलासुरला वेळ देत होतो. जे काम दुसरा कोणीही माझ्याइतके किंवा माझ्याहून चांगले करू शकेल, त्यात मी दिवस घालवत होतो. आणि जे माझ्यावाचून होणार नाही, ते कानाशी फोन धरून उरकत होतो.

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. आपल्याच सांगली जिल्ह्यात, आपल्या तालुक्याच्या शेजारी, किर्लोस्करवाडी आहे. पूर्वी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर आले आणि त्यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. लक्ष्मणरावांचे बळ यंत्रात होते. बाकीचे बळ त्यांनी माणसांत शोधले. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था बंधू रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, तर शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांच्या कल्पक हातांना कारखान्यात वाव. राखणदारीचे काम तर त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर सोपवले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. आपण लहानपणी सहलीला जाऊन तेथील यंत्रे पाहिली. ही माणसांची वाटणी पाहायची राहून गेली.

दुसरे उदाहरण या चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर उभे आहे. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यावर आले आणि जवळजवळ आठ वर्षे तेथे राहिले. एवढ्या दुरून महाराष्ट्राचा प्रत्येक निर्णय जिंजीहून घेणे शक्यच नव्हते. त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब देऊन तिकडचा कारभार सोपवला. रणांगण संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी सांभाळले. औरंगजेबासारखा शत्रू दारात असताना स्वराज्य टिकले, याचे एक कारण ही वाटणी होय. राजाला जे साधले, ते एका खोलीच्या मालकाला का साधू नये?

मात्र व्यवहारात पहिले पाऊल जड जाते. माझे पहिले पाऊल माझ्या घरातच पडले. माझी पत्नी याच शाळेची विद्यार्थिनी, माझ्या मागे दोन इयत्ता. गणितात ती माझ्या पुढे होती, हे येथील गुरुजन सांगतीलच. ती वर्षानुवर्षे म्हणत होती, “तो डबा एकदा माझ्याकडे द्या.” त्या चार महिन्यांत मी तो दिला. तिने संगणकावरील हिशेब शिकून घेतला, चिठ्ठ्यांना क्रमांक दिले आणि विवरणपत्रांसाठी एक करसल्लागार नेमला. त्याची महिन्याची फी मी पूर्वी भरलेल्या दंडाहून कमी निघाली. जे काम मला डोंगराएवढे वाटत होते, ते तिच्या हाती रोजचे पाऊण तासाचे झाले.

तेजाबाचे काम मी दुकानातून पूर्णपणे काढून टाकले. शुद्धीकरणासाठी सोन्यात चांदी मिसळून ते तेजाबात उकळले की तांबूस विषारी धूर निघतो. वस्तीतल्या खोलीत तो आपण आणि शेजारी दोघेही पितो. ते काम आता योग्य यंत्रणा असलेल्या शुद्धीकरण कारखान्याकडे जाते. बँक आणि ने-आण पुतण्याकडे दिली. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला. ९१६ या आकड्याचा, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोन्याचा, अर्थ आता ग्राहकही विचारतो आणि यंत्र तो काही क्षणांत सांगते. त्या यंत्रावर एक तमिळ मुलगी बसते. ती माझ्यापेक्षा ते उत्तम हाताळते. माझ्याकडे राहिली ती भट्टी, कस आणि सोनारांशी बोलणे.

आता कोणी म्हणेल, सोन्याच्या धंद्यात दुसऱ्यावर विसंबायचे कसे? या शंकेचे उत्तर आपल्या धंद्यातच आहे. आपण सोने कोणाच्याही हाती देतो ते तोलून देतो आणि परत घेतो तेही तोलूनच. सख्ख्या भावाच्या हाती देतानाही तागडी मध्ये असते आणि त्यात कोणाचाही अपमान नसतो. कामाचेही तसेच आहे. काय करायचे, केव्हापर्यंत करायचे आणि कोणत्या मर्यादेपलीकडे मला विचारायचे, हे सांगून काम द्यावे. म्हणजे तोलून दिले. ठरल्या दिवशी ते पाहावे. म्हणजे तोलून घेतले. मधल्या वेळेत मात्र त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू नये. मूस सारखी उघडून पाहिली तर सोने वितळत नाही. पुतण्याने पहिल्या महिन्यात दोन चुका केल्या. त्या मी पोटात घातल्या, कारण माझ्या पहिल्या महिन्यातील चुका वडिलांनी तशाच पोटात घातल्या होत्या.

एक गोष्ट मात्र देऊन टाकता येत नाही, ती म्हणजे जबाबदारी. हिशेब पत्नी लिहिते, तरी महिन्यातून एकदा तो मी समजून घेतो, कारण सही माझी असते. काम वाटले म्हणजे डोळे मिटले, असे नव्हे.

पालकांना एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी सगळ्या विषयांत सारखीच चमकली पाहिजे, हा आग्रह आपण सोडूया. शाळेने सगळे विषय शिकवावेत, मुलांनी ते मनापासून शिकावेत; परंतु मुलाचा हात कशात चालतो, हे घराने ओळखावे. ज्याला आपले बळ कळते, त्याला दुसऱ्याच्या बळाचा मान राखणेही जमते. आणि घरातील मुलीचे गणित चांगले असेल, तर तिच्या हाती हिशेबाचा डबा लवकर द्यावा. मी तो पंधरा वर्षे उशिरा दिला.

ते वृद्ध सोनार पुढे आले का, हे आपल्याला ऐकायचे असेल. चार महिन्यांनंतर एका सकाळी ते स्वतः माल घेऊन आले. मी भट्टीवर होतो. फोन वाजला, तो आतल्या खोलीत पत्नीने घेतला. ते काही बोलले नाहीत, बाकावर बसून राहिले. मूस निघाली, ओतकाम झाले, तोल झाला. चिठ्ठी घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “उद्या आणखी माल पाठवतो.”

ज्या शाळेने मला स्वावलंबन शिकवले, तिला मी त्या शब्दाचा मला उशिरा उमगलेला अर्थ आज परत करतो आहे. जे आपले आहे ते कोणावरही न ढकलता करणे, हे स्वावलंबन. सगळेच आपले मानणे, हा हट्ट. आपल्या शाळेच्या शताब्दीलाही येथील मुलांची मुले अशीच जमोत, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.