दुखणं खरं, बोट खोटं

(भैंसा इथे सीमाभागातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त जरा नीट लावून घेतलंय.)



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. मराठी शाळा, मराठी पुस्तकं, कचेरीतले मराठी अर्ज यावर मी बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. बोलणार आहेच. पण आज वाट जरा लांबची घेतो, पॅरिसवरून येतो.

एदुआर द्र्युमाँ नावाचा एक पत्रकार होता. जन्म १८४४, पॅरिस. साधं घर, सुरुवातीला नगरपालिकेत कारकुनी, मग वर्तमानपत्रात लिखाण. गंमत बघा, बरीच वर्षं तो ज्या पेपरात नोकरीला होता, त्या पेपराचे मालक ज्यू होते. त्यांचाच पगार घेत होता. पुढे १८८६ साली त्याने 'ला फ्रान्स ज्युईव्ह' नावाचं दोन खंडांचं पुस्तक काढलं. म्हणणं एकच : फ्रान्समध्ये जे जे वाईट झालं ते ज्यूंनी केलं. आर्य आणि सेमाइट असे दोन वंश आहेत, एक सरळ आणि शूर, दुसरा लोभी आणि कपटी, आणि नाक बघून माणूस ओळखता येतो! पहिल्याच वर्षात त्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या.

का खपल्या? इथे थांबू या, कारण गोष्टीचा जीव इथेच आहे. १८८२ साली फ्रान्समध्ये एक मोठी बँक बुडाली होती. कितीतरी साध्या कॅथलिक कुटुंबांची पुंजी गेली. मग पनामा कालव्याच्या कंपनीत छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले आणि १८९२ मध्ये त्यातली लाचखोरी बाहेर आली. लोकांचं दुखणं शंभर टक्के खरं होतं. द्र्युमाँने त्या खऱ्या दुखण्यावर खोटं बोट ठेवलं. बँक कशी बुडाली, कुणी सह्या केल्या, कुठल्या खासदाराने पैसे खाल्ले, हे शोधायला कष्ट पडतात. "ते लोक तसलेच" म्हणायला काहीच लागत नाही.

कापसाचा भाव पडला की मोंढ्यात काय बोलणं चालतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१८९२ मध्येच त्याने 'ला लिब्र पारोल' हे दैनिक सुरू केलं. घोषवाक्य होतं, फ्रान्स फ्रेंचांचा. सैन्यातल्या ज्यू अधिकाऱ्यांविरुद्ध लेख आले. त्यावरून द्वंद्वयुद्ध झालं आणि आर्मां मेयर नावाचा ज्यू कॅप्टन द्र्युमाँच्या एका साथीदाराच्या हातून मेला. दोन वर्षांनी कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफसला हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. ती बातमी याच पेपरने गाजवली. खटला व्हायच्या आधीच निकाल छापून मोकळे! ड्रायफस निर्दोष होता. पण सैतान बेटावर त्याने वर्षानुवर्षं काढली आणि १९०६ साली तो पूर्ण निर्दोष ठरला.

आता मला सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट सांगतो. ड्रायफसविरुद्ध खोटा कागद बनवणारा अधिकारी आन्री, त्याने १८९८ मध्ये कोठडीत आत्महत्या केली. त्याच्या विधवेसाठी द्र्युमाँच्या पेपरने वर्गणी काढली. पैसे पाठवणाऱ्यांनी सोबत दोन-दोन ओळी लिहिल्या आणि पेपरने त्या छापल्या. ज्यूंना मारा, हाकला, जाळा, असल्या ओळी! देणाऱ्यांत मजूर होते, धर्मगुरू होते, सैनिक होते, विद्यार्थीपण होते. एरवी शेजाऱ्याशी नीट वागणारी माणसं असतील ती. पुढच्या वर्षी ही सगळी यादी वेगळ्या पुस्तकात छापून आली. त्यामुळे कुणी काय लिहिलं होतं ते आजही वाचता येतं.

आपले मेसेज तसे राहणार नाहीत, असं कुणाला वाटतं का?

त्याच १८९८ मध्ये द्र्युमाँ अल्जियर्समधून खासदार झाला. चार वर्षांत पडला. १९१७ मध्ये वारला तेव्हा त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. पण त्याने पेरलेलं मेलं नाही. १९४० साली फ्रान्सच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदा केला. पुढे फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्यात आलं. बहुतेक परत आले नाहीत.

आता आपल्या घरातली गोष्ट. इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. ऐन विशीत त्या बर्लिनला संशोधनाला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा मोठा प्राध्यापक. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच अशी की तो बुद्धीने वरचढ, हे सिद्ध व्हावं ही त्याची अपेक्षा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आणि लिहिलं की असा कुठलाही संबंध दिसत नाही. परका देश, गुरूच्या हातात डिग्री, तरी जे मोजलं तेच लिहिलं. पुढे महाराष्ट्रात त्यांनी स्वतःही डोकी-नाकं मोजली, हेही सांगायला पाहिजे. मोजणं हा गुन्हा नाही. उत्तर आधी ठरवून मोजणं हा गुन्हा आहे.

बाबासाहेबांनी तर नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवलं की एका प्रांतातला ब्राह्मण आणि तिथलाच अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. ज्या हत्याराने माणसं वेगळी केली, तेच हत्यार त्यांनी उलटं फिरवलं.

मित्रांनो, मी हे भैंस्यात का बोलतोय? २००८, २०२०, २०२१. ही सालं इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये इंटरनेट बंद झालं तेव्हा गल्लीत एक विचित्र शांतता होती. त्याच्या आधीच्या दोन दिवसांत माझ्या फोनवर जे जे आलं, त्यातलं मीही एक पुढे पाठवलं होतं. तपासलं नव्हतं. ते मी विसरलेलो नाही.

आणि आपल्या मागणीबद्दल. आपल्याला मराठी शाळा पाहिजे, मराठी शिक्षक पाहिजे. ती मागणी खरी आहे, मांडायलाच पाहिजे. पण ती मांडताना "आपलं रक्त", "मूळचे लोक", "बाहेरचे" असले शब्द आले की सावध व्हा. भाषा रक्तातून येत नाही. आई बोलते, गल्ली बोलते, म्हणून येते. माझी आजी घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दर्ग्यासमोरच्या दुकानात उर्दू बोलायची. तिचं नाक कुणी मोजलं नाही. आणि पुण्यात गेल्यावर माझी मराठी ऐकून "तू मराठी वाटत नाहीस" म्हणतात, तेव्हा कळतं की अस्सलपणाची ही फूटपट्टी शेवटी आपल्याही कपाळावर येते.

हक्क मागताना बोट कुणाकडे करायचं? ज्या कचेरीत फाईल अडली तिच्याकडे, ज्या शाळेत जागा रिकामी आहे तिच्याकडे. शेजाऱ्याच्या दाराकडे नाही.

एवढंच बोलतो.