देवळांची डागडुजी आणि सरकारी द्रव्य
(नाटे येथे दिलेले भाषण)



प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी राज्य सरकारने २०२१ साली आठ देवळे निवडली. खिद्रापूरचा कोपेश्वर, सिन्नरचा गोंदेश्वर यांच्या पंक्तीस आपल्याच राजापूर तालुक्यातील श्रीधूतपापेश्वर बसला, आणि पहिल्या टप्प्यासाठी एकंदर १०१ कोटी रुपयांची तरतूद झाली. आपणांस आनंद वाटणे साहजिकच आहे.

परंतु हे द्रव्य कशासाठी, ते ध्यानी घेतले पाहिजे. पूर्वी देवस्थानांस इनामे मिळत, ती पूजा-नैवेद्य चालावा म्हणून. आज घटनेच्या २७ व्या कलमाप्रमाणे, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठीच खर्चावयाचा कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. सरकार पैसा देते तो जुनी बांधणी टिकावी म्हणून. तेव्हा ज्या दिवशी आपण लाकडी खांब काढून सिमेंटचे उभारू आणि जांभ्यावर गुळगुळीत फरशा चिकटवू (त्यांवर देणगीदारांची नावे कोरण्याची हौस तर आपणांस फारच!), त्या दिवशी सरकारपाशी मागण्यासारखे काही उरणार नाही.

गावोगावच्या लहान देवळांची नावे अशा यादीत सहसा येत नाहीत. त्यांचा वैरी म्हणजे कोकणचा पाऊस. एक कौल सरकते, पाणी वाशावर उतरते, वासा कुजतो. भिंतीत पिंपळ रुजतो. हे काम कोटींचे नव्हे, मृगापूर्वीच्या शाकारणीचे आहे. पण तरणी मंडळी मुंबईस. कौलांवर चढावे कोणी? म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाने या कामासाठी दरसाल निराळी रक्कम बाजूस ठेवावी, आणि सुटीत गावी येणाऱ्या मुंबईकर कुटुंबांनी त्यासाठी एक दिवस द्यावा. आरंभ येत्या वैशाखातच व्हावा.