शाई घट्ट का झाली?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांना बँक, मोबाईल, नाहीतर अमेरिका आठवते. माझा संबंध मात्र शाईशी आहे. बिस्किटांच्या पुड्यांसारख्या वेष्टनांवर छपाई करणाऱ्या यंत्रांत शाईची श्यानता सांभाळणारे प्रोग्राम मी लिहिते.

श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिपॉइज असते. लहानपणी नाक दाबून प्यालेल्या एरंडेलाची जवळपास १०००!

या शाईत रंगद्रव्य, रेझिन आणि इथाइल ॲसिटेटसारखा द्रावक असतो. यंत्र चालू असताना द्रावक उडून जातो आणि शाई घट्ट होते. मग रंग गडद येतो, शाईही जास्त लागते. फार पातळ झाली तर रंग फिका पडतो. म्हणून कामगार तळाला भोक असलेला छोटा कप शाईत बुडवून वर काढतात, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजतात आणि अंदाजाने द्रावक ओततात. प्रत्येक रंगाला, पाळीभर, तो वास नाकात घेत.

आता शाईत एक कंप पावणारी कांडी ठेवता येते. शाई जितकी घट्ट, तितकं तिचं कंपन जास्त दबतं. त्यावरून प्रोग्राम द्रावकाचा व्हॉल्व्ह उघडतो. ऐकायला सोपं आहे, पण ओतलेला द्रावक परत काढता येत नाही. त्यामुळे थोडा सोडायचा, मिसळू द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. घाई केली की शाई पातळ झालीच!

दुसरी अडचण तापमानाची. थंडीत काकवी डब्यातून उतरत नाही, तशीच सकाळी शाईही घट्ट असते. तेव्हा द्रावक ओतला तर दुपारी तीच शाई पाण्यासारखी होते आणि रोलच्या रोल वाया जातात. थंडीचा घट्टपणा शाईचं तापमान सांभाळून घालवायचा, द्रावक ओतून नव्हे. म्हणून श्यानतेबरोबर तापमानही मोजावंच लागतं. हे मला कुठल्या पुस्तकाआधी मशीनवरच्या जुन्या कामगारांनी सांगितलं. ते द्रावक ओतण्याआधी शाईच्या डब्याला हात लावून बघायचे.

एका कारखान्यात कांडी बसवल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "आता कप काढून टाका, माणूसही कमी करू." मी नको म्हटलं. कांडीवर शाई वाळून बसली की ती शाई आहे त्यापेक्षा घट्ट दाखवते. प्रोग्राम बिचारा आकड्यावर विश्वास ठेवून द्रावक सोडत राहतो. हे ओळखायला दर पाळीला कपाने पडताळणी करणारा जाणता माणूस लागतो. तिथे कप राहिला आणि तो माणूसही राहिला. फक्त दिवसभर वाफेत उभं राहणं कमी झालं. माझ्या कामाचं मला सगळ्यात जास्त समाधान याचं आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या कामात आता यंत्रं आकडे देतात. आकडा काय आहे ते यंत्र सांगेल. तो तसा का आला, हे विचारायची सवय मात्र आपल्या शिक्षकांनी लावली. गणिताचं उत्तर बरोबर असूनही "रीत दाखव" म्हणणाऱ्या सर्व गुरुजनांना माझा नमस्कार.