लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नको

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, स्टार्टअपमध्ये सिलेक्ट झालो! फाउंडर स्वतः बोलला. उद्या राजीनामा टाकतोय." मी विचारलं, "ऑफर लेटर आलं का?" म्हणाला, "येईलच दोन दिवसांत." माझ्या पोटात गोळाच आला. कारण तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या आईला सांगितलं होतं.

तेव्हा मी हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत होतो. बाणेरच्या एका स्टार्टअपमधून कॉल आला. पहिला राउंड फोनवर, दुसरा कोडिंगचा. तिसऱ्यात घरी करायची असाइनमेंट. डिलिव्हरीवाल्या मुलांना ऑर्डर कशा वाटायच्या याचं अख्खं मॉड्यूल, लॉगिनपासून टेस्टपर्यंत, चार दिवसांत. ऑफिस करून रात्री तीन-तीनपर्यंत जागलो. चौथा राउंड फाउंडरबरोबर. तो म्हणाला, "आपल्याकडे नऊ ते सहा असं काही नसतं, आपण फॅमिली आहोत." मला तेव्हा ते लय भारी वाटलं! निघताना हात मिळवून म्हणाला, "तू आमच्यात आलास असंच समज."

माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. म्हटलं, कशाला थांबायचं? दुसऱ्याच दिवशी राजीनामा टाकला. मग एचआरचे मेसेज सुरू झाले. "या आठवड्यात पाठवतो." "फाउंडर प्रवासात आहेत." नंतर फक्त दोन निळ्या टिक. चाळिसाव्या दिवशी कळलं की फंडिंग अडकलंय आणि भरती थांबवलीय. तेही त्यांनी सांगितलं नाही, तिथे काम करणाऱ्या एका मुलीला लिंक्डइनवर विचारलं म्हणून कळलं. घराचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जायचा. बाबांना सांगायला मला आठवडा लागला. शेवटी मान खाली घालून मॅनेजरकडे गेलो. मॅडमनी राजीनामा मागे घेऊ दिला, म्हणून वाचलो. सगळ्यांना अशा मॅडम भेटत नाहीत.

आता, सगळे स्टार्टअप असेच असतात असं अजिबात नाही. माझ्या मैत्रिणीने बंगळुरूला कोरमंगलामध्ये इंटरव्ह्यू दिला. असाइनमेंट दोन तासांची होती. तिला रिजेक्ट केलं, पण तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की डेटाबेस डिझाइन कच्चं आहे, सहा महिन्यांनी परत ये. ती आजही त्यांचं नाव चांगलंच घेते.

म्हणून इंटरव्ह्यूत तुम्हीही प्रश्न विचारा. लाजू नका.

पहिला, असाइनमेंट किती तासांची? त्यांच्याच प्रॉडक्टचं काम फुकट मागताय असं वाटलं तर सरळ म्हणा, "दोन-तीन तासांत होईल तेवढं करतो, बाकीचं कसं करेन ते समजावून सांगतो."

दुसरा, आत्ताचा पैसा कंपनीला किती महिने पुरेल? चांगला फाउंडर यावर चिडत नाही. कंपनी कधी नोंदवली, चालू आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवरही बघता येतं.

तिसरा, सीटीसीत ईसॉप किती? समजा २० लाखांच्या पॅकेजमध्ये ५ लाख ईसॉपचे असतील, तर पगार १५ लाखच धरा, आणि त्यातूनही पीएफ, टॅक्स जाणार. ईसॉप बहुतेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पहिलं वर्ष व्हायच्या आत सोडलंत तर काहीच नाही. बँक हप्त्यात ईसॉप घेत नाही!

आणि चौथं, लेखी ऑफर. पगार, पद, जॉइनिंगची तारीख, सगळं कागदावर. लेटर मिळूनही ऑफर रद्द झाल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आपण वाचल्यात. म्हणजे लेटर असूनही गॅरंटी नाहीच, मग लेटरच नसेल तर आपल्याकडे दाखवायला काय उरतं?

ज्युनिअरचं काय झालं? थांबला तो. लेटर नवव्या दिवशी आलं, आणि ठरलेल्या आकड्यातला मोठा भाग गुपचूप व्हेरिएबल करून टाकलेला! आता बोलणी चालू आहेत. पण आधीची नोकरी हातात आहे, त्यामुळे तो ताठ मानेने बोलतोय.

तुमचा अनुभव व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!