देवापाशी घटकाभर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी काही विदुषी नव्हे. तेव्हा उपदेश न करता स्वतःची एक फजिती तेवढी सांगते.

सासरी आल्यापासून देवपूजा माझ्याकडे आहे. ३८ वर्षांत ती क्वचितच चुकली असेल, आणि याचा मला मनातून अभिमानही होता. गेल्या श्रावणात नात म्हणाली, "आजी, आपला बाळकृष्ण कुठे गेला?" पाहते तो देव्हाऱ्यात गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, शंख आहे; बाळकृष्ण नाही! "अगं, तो परवापासूनच नाहीये," ती म्हणाली. शोधता शोधता गॅलरीतल्या निर्माल्याच्या टोपलीत, वाळलेल्या जास्वंदीखाली तो सापडला. पोर हसली, मला मात्र रडू आले. तीन दिवस मी देवांना स्नान घातले, गंध लावले, नैवेद्य दाखवला, आणि त्यांतला एक नाही हे मला कळले नाही! हात ताम्हनात होते. मन गॅसवरच्या दुधात, भाजीच्या हिशेबात, नाहीतर मोबाइलच्या घंटीत.

भगिनींनो, पूजेचे १६ उपचार आठवून पाहा. पहिले आवाहन, मग आसन, मग पाय धुवावयास पाणी. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचेच हे आगतस्वागत. आता पाहुण्याला बोलावले, पाट दिला, ताट वाढले, आणि एक शब्दही न बोलता आपण आत निघून गेलो, तर त्याला काय वाटेल? आपण देवाशी रोज असेच वागतो.

कोणी म्हणेल, "जनाबाईंनी दळता-कांडताच देव मिळवला, वेगळे बसायचे कशाला?" मीही वर्षानुवर्षे हीच सबब सांगत आले. सुमारे ७०० वर्षांपूर्वी गंगाखेडची जनाबाई पंढरपुरी नामदेवांच्या घरी राबली, हे खरे. पण तिचे हात जात्यावर आणि मन विठ्ठलापाशी होते. आमचे हात देवापाशी आणि मन जात्यावर! आणि जाते तरी कुठे राहिले आहे? दळण गिरणीत गेले, वाटण मिक्सरमध्ये, धुणे यंत्रात. वाचलेला वेळ कुठे गेला, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावे.

त्या दिवसापासून पूजा आटोपल्यावर मी १५ मिनिटे पाटावरून उठत नाही. गॅस बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मागणे नाही, गाऱ्हाणे नाही. पहिले आठ दिवस नुसती कामेच आठवली. मग एके सकाळी, वर्षभर कोणापाशी बोलले नव्हते ते एक दुःख आपोआप ओठांवर आले. उत्तर मिळाले नाही. पण ऐकणारा समोर बसला आहे, असे प्रथमच वाटले.

कोणाच्या मांडीवर तान्हे मूल असेल, कोणाला सकाळची गाडी गाठावयाची असेल. तिने रात्री निजानीज झाल्यावर बसावे. आणि सकाळी बसावयाचे असेल, तर घरातल्या पुरुषमंडळींनी तेवढा वेळ दुधाकडे पाहावे. ते काही फार अवघड नाही!

आमचा बाळकृष्ण आता जागेवर आहे. मी जागेवर आहे की नाही, एवढे मात्र रोज पाहावे लागते.