कर्णबधिर मुलांची पहिली भाषा

कर्णबधिर मुलाला ऐकू येत नाही, एवढीच त्याची अडचण नसते. वेळेवर कोणतीच भाषा त्याच्या वाट्याला येत नाही, ही त्याहून मोठी अडचण होय.

१८८० साली मिलान येथील परिषदेने शाळांतून खुणांची भाषा वगळून उच्चारांवरच भर देण्याचा ठराव केला. त्याची छाया जगभरच्या शाळांवर दीर्घकाळ राहिली. १९८१ मध्ये स्वीडनच्या संसदेने कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेला मान्यता दिली आणि द्विभाषिक शिक्षणाची वाट मोकळी झाली.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते. द्विभाषिक वर्गात ही पहिली भाषा व लिखित मराठी ही दुसरी. शिक्षक ‘पाऊस’ ही खूण करतो, चित्र दाखवितो आणि मग फळ्यावर शब्द लिहितो. आधी अर्थ, मग अक्षर. खुणा शिकल्याने मूल बोलणे सोडील, ही पालकांची भीती अनाठायी आहे.

मात्र ही भाषा आठ दिवसांच्या शिबिरात शिक्षकाच्या हाती येत नाही. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथे दुभाषांसाठी, तसेच ही भाषा शिकवू इच्छिणाऱ्या कर्णबधिरांसाठी पदविका अभ्यासक्रम आहेत. सांकेतिक भाषा जाणणाऱ्या, दिव्यांगांसह, शिक्षकांना प्रशिक्षण व नेमणूक द्यावी, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो.

गावात हाकेला वळून न पाहणारे बाळ आढळताच त्याची तपासणी व्हावी, आईवडिलांनाही खुणा शिकविल्या जाव्यात. गेलेली बालवर्षे कोणत्याही योजनेने परत येत नाहीत.