दोन नेमणूकपत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



“मुलीला दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत, कोणती घ्यावी?” हा प्रश्न आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. मुली वाणिज्य शाखेची पदवी घेतात, बँकांच्या परीक्षा देतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण निवडीची वेळ आली की आपण पगाराचा आकडा आणि घरापासूनचे अंतर एवढेच पाहतो. तेवढ्याने भागत नाही, हे सांगण्यासाठी मी उभी आहे.

समजा, अमरावतीच्या एका मुलीला अकोल्याच्या सहकारी बँकेत बावीस हजारांची आणि पुण्याच्या एका खाजगी कर्जकंपनीत बत्तीस हजारांची नोकरी मिळाली. फरक दहा हजारांचा! पण पत्र नीट वाचू या. पुण्याच्या ३२,००० रुपयांत कंपनीने भरावयाचे भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० रुपये धरलेले असतात. मुलीच्या वाट्याचे तेवढेच कापले जातात. व्यवसायकर २०० रुपये. शिवाय ४,००० रुपये ‘ठरलेली कर्जे खपवली तर’ मिळायचे. ते वगळले तर उरले २४,२००. खोली आणि खानावळ यांचे ११,००० गेले की शिल्लक १३,२००.

अकोल्याच्या पत्रात बँकेचा निधीचा वाटा पगाराबाहेर आहे असे धरा. मुलीचे १,८०० कापले जातील. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना आपल्या राज्यात व्यवसायकर माफ आहे. राहण्याजेवणाचे ६,००० वजा केले तरी १४,२०० हाती राहतात. म्हणजे मोठा दिसणारा पगार मोठा असतोच असे नाही.

तेव्हा अकोलाच बरे, असे मात्र मी म्हणत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. पाच वर्षांनी मुलीला काय येत असेल? बँकेत ती रोखीच्या खिडकीवरच बसून राहिली, तर जवळची नोकरीही वाया गेली. पण खरिपाचे पीककर्ज कसे मंजूर होते, पाऊस दगा देऊन कर्ज थकले तर त्याचे पुनर्गठन कसे करतात, सोनेतारण कसे पाहतात, हे तिला शिकायला मिळणार असेल, तर ती वऱ्हाडातली पुंजी कुठेही कामास येईल. उलट पुण्यात कर्जदाराची ऐपत तपासण्याचे काम मिळणार असेल आणि शिकवणारा वरिष्ठ असेल, तर पुणेच घ्यावे. केवळ दूरध्वनीवरून कर्जे खपवायची असतील, तर विचार करावा.

चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण पाहा. सनदी नोकरीत आल्यावर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारात, जमीनमहसूल आणि अर्थखाते सांभाळण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले, १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. त्या मोठ्या पदांच्या मागे प्रांतातल्या कागदपत्रांवर बसलेला हात होता.

म्हणून होकार देण्यापूर्वी मुलीने चार गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षी नेमके काम कोणते? काम बदलून मिळेल काय? कायम केव्हा करणार? मध्येच सोडल्यास पैसे भरून द्यावे लागतील काय? उत्तरे लेखी घ्यावीत. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा किंवा नोकरीसाठी पैसे मागणारा मालक दारातूनच परत पाठवावा.

आता आपल्याविषयी. “हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,” असे आपण मुलीला चटकन सांगतो. पुष्कळदा त्यामागे हिशेब नसतो, तर तिचे स्थळ आणि लोक काय म्हणतील याची काळजी असते. मुलाला पुण्याचे पत्र आले तर आपण पेढे वाटतो; मुलीला आले तर बडनेऱ्याला गाडीत बसवून देताना आपला पाय अडखळतो. दोघांना एकच माप लावा. हिशेब तिच्या शेजारी बसून करा, शंका बोलून दाखवा, पण शेवटची सही तिच्या हाताची असू द्या. निवड तिची असली म्हणजे त्या नोकरीतल्या कठीण दिवसांतही ती टिकेल.